‘सर्वानुमते मंजूर’ : मजूर संस्थेच्या इतिवृत्ताचे एक वाचन

मी केलेले पहिले गद्यलेखन म्हणजे कथा नव्हे आणि शाळेतला निबंधही नव्हे. ते एका मजूर सहकारी संस्थेचे इतिवृत्त होते. साल २००३. मी नववीत होतो. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी, बौद्धवाड्यातल्या आमच्या घरात, ज्वारीच्या कोठीमागे या संस्थेची पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असे. तपासणीला कोणी साहेब येणार असले की ती बाहेर निघे, पुसली जाई आणि दारावर टांगली जाई. संस्थेचे अध्यक्ष माझे वडील होते. त्यांना सही करता येत होती, वाचता येत नव्हते. संस्था प्रत्यक्षात चालवीत ते गावातले एक ठेकेदार. त्यांचे नाव संस्थेच्या एकाही कागदावर नव्हते.

प्रोसिडिंग बुक त्यांच्याकडून येई. वर्षभराच्या सभा दोन-तीन रात्रींत लिहून काढायच्या असत. मागल्या वर्षीचा नमुना समोर ठेवायचा, तारखा बदलायच्या, कामांची नावे बदलायची, सूचक आणि अनुमोदक म्हणून सभासदांच्या यादीतली नावे आळीपाळीने घालायची. माझे अक्षर चांगले, म्हणून हे काम माझ्याकडे आले. एका सभेचे वीस रुपये मिळत. एकदा मी विचारले, “बा, ही मिटिंग कधी झाली?” वडील म्हणाले, “तू लिहून रायला नं, आता झाली थे.”

मी आज महाविद्यालयात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांना संहिता कशी वाचावी ते सांगतो. परंतु ज्या संहितेने आमच्या वस्तीचे प्रत्यक्ष जगणे बांधून ठेवले, तिचे वाचन मी कधी केले नाही आणि माझ्या पाहण्यात इतर कोणीही केले नाही. या लेखाचा विषय ती संहिता हा आहे.

मजूर संस्था ही कल्पना मुळात वाईट नव्हती. सरकारी रस्ता, नाला, पाझर तलाव यांच्या कामात ठेकेदार मधला मलिदा खातो आणि मजुराच्या हाती चतकोर पडते. तेव्हा मजुरांनीच एकत्र येऊन काम घ्यावे आणि नफा आपसांत वाटावा, असा तिचा साधा हिशेब. मुंबई प्रांतात स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगारांच्या सोसायट्या याच विचाराने निघाल्या. लाकूडतोडीचा कूप-ठेकेदार हटवावा, हा त्यांचा हेतू होता. आपला बुलडाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. तो १९५६ साली मुंबई राज्यात आला. पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला. संस्था नोंदवायला किमान दहा माणसे, तीही वेगवेगळ्या कुटुंबांतली, हवीत अशी त्यात अट होती. लहान सरकारी कामांच्या वाटपात तर पुढे अनेक वर्षे ३३:३३:३४ असे प्रमाण राहिले. शेकडा तेहतीस कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, तेहतीस मजूर संस्थांना आणि चौतीस खुल्या ठेकेदारांना. म्हणजे शंभरातली तेहतीस कामे मिळवायची तर मजूर असणे आवश्यक. ठेकेदाराला मजूर होता येत नाही. पण दहा मजूर मिळवता येतात. ते कोठे मिळतात हे गावात कोणाला सांगावे लागत नाही.

१९७२ च्या दुष्काळात माझा आजा गिट्टी फोडत होता. त्या दुष्काळातून रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि या कामांवर ठेकेदार नको हे तत्त्व त्यात आले. आजाच्या मस्टरवर त्याचे नाव होते आणि त्या नावासमोर त्याचा घाम होता. वडिलांच्या मस्टरवर नाव होते. घाम जेसीबीचा होता. ज्या सभासदांच्या नावे मजुरी खर्ची पडली, त्यांपैकी निम्मे त्या हंगामात सोयाबीन कापायला गेलेले असत. हा प्रकार आमच्याच गावापुरता होता असे कोणी समजू नये. मुंबईत २०२२ च्या आरंभी जिल्हा बँकेच्या निवडणुकीच्या निमित्ताने एका आमदारांचे ‘मजूर’ असणे सहकार खात्याला अमान्य करावे लागले, तेव्हा वर्तमानपत्रांना चार दिवस मौज वाटली. आम्हाला वाटली नाही. आमदार मजूर होतो तेव्हा बातमी होते; मजूर अध्यक्ष होतो तेव्हा कोणीच विचारीत नाही की हा अध्यक्ष म्हणजे नेमका काय आहे.

आता संहितेकडे वळतो. इतिवृत्ताची भाषा पाहा. ‘ठरविण्यात आले’, ‘मंजूर करण्यात आले’, ‘अधिकार देण्यात आले’. या वाक्यांना कर्ता नाही. कोणी ठरविले? कोणाला अधिकार दिले? ‘अध्यक्ष व सचिव यांना’. सचिव कोण, तर ठेकेदारांच्या दुकानातला दिवाणजी; कायद्याने तो पगारी नोकर, सभासद नव्हे. प्रत्येक ठराव ‘साधकबाधक चर्चेअंती’ होतो आणि प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होतो. मी चार वर्षे ही पुस्तके लिहिली. त्यांत एका माणसाने एकदाही विरोध नोंदविला नाही, एका माणसाने साधा प्रश्न विचारला नाही. आमच्या आळीतले एक म्हातारे आषाढात वारले. भाद्रपदातल्या वार्षिक सभेत त्यांनी जमाखर्चाला अनुमोदन दिले. यादीत त्यांची पाळी होती. माझ्या ध्यानात आले तेव्हा पान लिहून झाले होते आणि खाडाखोड चालत नसे. ठेकेदार हसले आणि म्हणाले, “राहू दे, सह्या तर झाल्या आहेत.” अंगठा होता तो. कोणाचा होता ते मला आजही माहीत नाही.

एकमत हा या संहितेचा प्राण आहे, आणि तिचे खोटेपणही नेमके तेथे उघडे पडते. कारण ज्या वस्तीची ही सभा, त्या वस्तीत एकमत कशावरही होत नाही! चौदा एप्रिलच्या जयंतीची वर्गणी घ्या. जयंती झाल्यावर आठवड्याच्या आत विहारात हिशेब वाचला जातो. मोठ्याने वाचला जातो, कारण ऐकणारांत वाचता न येणारे अधिक. मंडपाला इतके, बँडला इतके, निळीला इतके. मग कोणीतरी उठते. “मंडप दोनच दिवस होता, तीन दिवसांचे पैसे कसे?” बायका मागून बोलतात, आणि तावातावाने बोलतात. खजिनदार चिडतो, वही आपटतो, पुन्हा उचलतो. रात्री एकपर्यंत भांडण चालते. एका वर्षी चाळीस रुपयांच्या नारळांवरून खजिनदार बदलला गेला. त्याच वर्षी, त्याच माणसांच्या संस्थेने लाखांच्या पुलाचे बिल ‘सर्वानुमते’ मंजूर केले.

तेव्हा आमच्या माणसांना संस्था चालवता येत नाही, हिशेब कळत नाही, पुढाऱ्याला जाब विचारण्याची सवय नाही, हे जे सहकारी खात्याच्या शिबिरांतून ऐकवले जाते ते मला मान्य नाही. सवय आहे. परंतु ती तेथेच चालते जेथे वही वस्तीत असते आणि मोठ्याने वाचली जाते. वही दिवाणजीच्या टेबलाच्या खणात गेली की तोच माणूस मुका होतो. अध्यक्षपद त्याच्याकडे असो वा नसो, फरक पडत नाही.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण करणे मला आवश्यक वाटते. सत्यशोधक परंपरेतले, ‘दीनबंधु’चे संपादक, मुंबईच्या गिरणीकामगारांचे पहिले पुढारी. त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’विषयी १८९२ च्या फॅक्टरी कायद्याच्या सरकारी अहवालात शेरा आहे की या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, लोखंडे हे फक्त येईल त्या कामगाराला सल्ला देतात. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे हा शेरा उद्धृत करून पुढे जातात: ती खरी युनियन नव्हती, एवढाच निष्कर्ष. सरकारी अधिकाऱ्याचा शेरा आहे, त्यात तुच्छता असणारच. परंतु क्षणभर तो अक्षरशः खरा धरू. यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. आणि तरीही हजारो गिरणीकामगार त्यांच्या सभांना जमले, आणि १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आमच्या संस्थेकडे यादी होती, निधी होता, छापील पोटनियम होते, लेखापरीक्षण होते. कामगार जमले नाहीत. लोखंड्यांकडे संघटना होती आणि दप्तर नव्हते. आमच्याकडे दप्तर होते, संघटना नव्हती. याचा अर्थ दप्तर नको असा मी काढत नाही. दप्तर नसलेली लोखंड्यांची संघटना त्यांच्या मागे फार काळ उभी राहिली नाही, हेही खरेच आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न अधिक मुळाशी जाऊन मांडला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. त्या भाषणातले एकच वाक्य आपण नेहमी सांगतो: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या अस्पृश्य गँगमनचे उदाहरण दिले आहे. तो जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते आणि तेथे अस्पृश्य चालत नाही. आणि त्याच भाषणात ट्रेड युनियनच्या पुढाऱ्यांवर त्यांनी कडक कोरडे ओढले आहेत. मालक शत्रू आहेच. परंतु कामगारांच्या संघटनेत कोण कोठे बसतो, कोण बोलतो आणि कोण फक्त मोजला जातो, हा प्रश्न मालकाचे नाव घेतल्याने सुटत नाही, हे त्यांना तेथे दाखवायचे होते. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य-समता-बंधुता यांचा अभाव, असेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण आमच्या ठेकेदारांना जसेच्या तसे लागू पडते. ते ब्राह्मण नव्हते. आमच्याच वस्तीतला एक तरुण पुढे ठेकेदार झाला. त्यानेही पहिल्याच वर्षी एक मजूर संस्था ‘घेतली’. अध्यक्षपदी त्याने शेजारच्या गावातल्या एका पारधी कुटुंबातला माणूस बसवला. जात बदलली, वही दिवाणजीकडेच राहिली.

ठेकेदारी हा धंदाच हलका असे मी म्हणत नाही. जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवला. पण बांधकाम खात्यातले कारकुनी डावपेच आतून पाहिलेल्या त्या माणसाने त्यांवर पोवाडा रचला. धंद्यात राहून धंद्याची वही लोकांना वाचून दाखवली. असा दुसरा कंत्राटदार मला अजून भेटायचा आहे.

आणि लेखक? १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊ साठे यांनी पृथ्वीचा भार कोणाच्या तळहातावर आहे ते सांगितले. तेव्हापासून तो तळहात आमच्या साहित्यात सर्वत्र आहे. बाबुराव बागुलांच्या कथांत त्या हाताची ताकद आणि त्याची झालेली माती दोन्ही आहेत. नारायण सुर्व्यांच्या कवितेत तो कारखान्यात आहे, ‘बलुतं’मध्ये गोदीत आहे, ‘उचल्या’मध्ये लातूरच्या सूतगिरणीपर्यंत पोचला आहे. परंतु त्या तळहाताला एक अंगठाही असतो. त्याला जांभळी शाई लावून तो कोणत्या कागदावर ठेवला गेला, हे पाहण्याकडे आमच्या लेखनाचे लक्ष क्वचितच गेले. आमच्या साहित्यात मजूर येतो तो राबणारा, मार खाणारा किंवा पेटून उठणारा म्हणून. ‘संस्थेचा अध्यक्ष’ म्हणून तो येत नाही. शोषणाचे जे रूप आरडाओरडा करते ते आम्ही टिपले. जे आदराने खुर्ची देते, हार घालते आणि सही मागते, ते निसटले. समीक्षकांनीही विद्रोह आहे की नाही एवढेच पाहिले. या माणसाजवळ विद्रोह नाही, कारण त्याच्याशी कोणी भांडतच नाही. त्याला ‘अध्यक्षसाहेब’ म्हणतात.

या उणिवेचे एक कारण मला दिसते, ते सांगायला थोडे जड जाते. इतिवृत्त लिहिणारे आम्हीच होतो. वस्तीतला पहिला शिकलेला पोरगा शाळेत शिकलेले अक्षर प्रथम कोठे वापरतो? कोणाचा अर्ज, कोणाचे पत्र, आणि मग अशी एखादी वही. कादंबरी लिहायला बसतो तेव्हा तो स्वतःला बापाच्या बाजूला ठेवतो. त्या वहीत मात्र तो दिवाणजीच्या बाजूला बसलेला असतो.

२०११ साली नोटीस आली. एका नाल्यावरच्या पुलाचे काम अर्धवट असताना पूर्ण दाखवून बिल उचलले होते. कलम ८३ खाली चौकशी, कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित करणे असा तो क्रम. व्यवस्थापक समितीवर येताना वडिलांनी बंधपत्र लिहून दिलेले होते. संस्थेच्या नुकसानीला समिती वैयक्तिक आणि सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असा त्याचा मजकूर. ठेकेदार कोठेच नव्हते, कारण ते कधीच कोठे नव्हते. मी तेव्हा एम.ए.ला होतो; वडिलांबरोबर चौकशीला गेलो. चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी प्रोसिडिंग बुक उघडले, पाने चाळली आणि विचारले, “हे सगळं कोणी लिहिलं?”

वडिलांचा चेहरा उजळला. म्हणाले, “माह्या पोराचं अक्षर हाये, साहेब. नववीत होता तवा. पाहा कसं छापल्यासारखं हाये.”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वही मिटली. वडिलांच्या वाट्याला आलेली रक्कम एक लाखाच्या थोडी वर होती. माझ्या पहिल्या तीन वर्षांच्या मिळकतीतून आणि दोन बैलांतून ती फिटली. त्यानंतर वडिलांनी त्या विषयावर एक वाक्य बोलल्याचे मला आठवत नाही. जयंतीच्या हिशेबाला मात्र ते अजून जातात आणि भांडतात.

मी ज्याला मिळकत म्हणालो ती तासिका तत्त्वावरची आहे. वर्षातले काही महिने, तासावर पैसे, बिल निघेल तेव्हा. पुन्हा जून आला की नवा अर्ज, नवी मुलाखत. म्हणजे मीही एक मोकळा ठेकेदारच. खडीऐवजी तास टाकतो. आमच्यासारख्यांची एक संघटना आहे. तिचे नाव देत नाही. तिचे अध्यक्ष तळमळीचे वक्ते आहेत. उपोषणाला ते बसले, लाठी त्यांनी खाल्ली, हे मी पाहिले आहे. पुढे ते एका संस्थेत कायम झाले. कायम झालेला माणूस तात्पुरत्यांचा अध्यक्ष कसा, हा प्रश्न दोन वर्षे कोणी विचारला नाही. मीही नाही. आम्हाला ते हवे होते: त्यांना मंत्र्यांच्या दालनात ओळखतात, त्यांच्यामागे नोकरी जाण्याची भीती नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे असावेत अशी अट होती. बाहेरच्याला सरसकट बंदी नव्हती, कारण कामावरच्या माणसाला बोलण्याची किंमत मोजावी लागते हे कायद्यालाही माहीत होते. तेव्हा बाहेरचा पुढारी हा दरवेळी दगाबाजच असतो असे नाही. पुण्यातल्या हमालांची पंचायत बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. ते काही हमाल नव्हते. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या, बहुतांशी दलित, बायकांची संघटना १९९३ साली पुण्यातच सुरू झाली, तीही शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या मदतीने. आणि पुढे त्याच बायकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घराघरातला कचरा उचलू लागली. हा करारही ठेकाच आहे. पण तेथे कचरा उचलणारीच संस्थेची सभासद आहे आणि काम तीच करते. वही तिला वाचता आली नाही तरी विचारता येते, कारण पैसे तिच्या हातात किती आले हे ती रोज मोजते.

गेल्या दिवाळीत आमच्या संघटनेने न्यायालयीन खर्चासाठी प्रत्येकी दोन हजार रुपये मागितले. मी दिले. मग पहिल्यांदाच, थोडे अंग चोरून, इतिवृत्त पाहायला मागितले. नकार मिळाला नाही. एका तरुण प्राध्यापकाने, तोही तासिकेवरचाच, पिशवीतून वही काढून दिली. त्याचे अक्षर सुरेख आहे. वर्गणीचा ठराव ऑगस्टमधल्या बैठकीचा होता: साधकबाधक चर्चेअंती, सर्वानुमते मंजूर. अनुमोदक म्हणून माझे नाव होते. त्या दिवशी मी गावी, वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला होतो.

मी त्या तरुणाला काही बोललो नाही. अध्यक्षांना पत्र लिहिले: माझे नाव त्या ठरावावरून काढावे, आणि पुढल्या सभेत मागल्या वर्षाचे सगळे इतिवृत्त व जमाखर्च उभे राहून मोठ्याने वाचावे. वाचायला वेळ लागेल, तो लागू द्यावा. पत्राची पोच आली आहे. सभेची तारीख अद्याप आलेली नाही.